जुन्या काळची खेड्यातील आई

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीचे, म्हणजे इ. स. १९०० च्या आसपासचे महाराष्ट्रातील एखादे खेडे डोळ्यांसमोर आणावे. गावात वीज नाही, नळ नाही, पिठाची गिरणी नाही, दवाखाना नाही. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की तालुक्याच्या गावाशी असलेला संबंधही तुटावा, अशी रस्त्यांची स्थिती. अशा खेड्यात घराचा सारा भार आईच्या खांद्यांवर असे. ती कशी जगत होती आणि कित्येकदा ऐन तारुण्यातच का मरत होती, हे जाणून घेण्याजोगे आहे. तिचे कष्ट आणि तिचे मरण ही दोन्ही तिच्या कपाळीच लिहिलेली आहेत, असे त्या काळचे लोक समजत. ती दोन्ही माणसाच्या प्रयत्नाने टाळता येतात, हे पुढे सिद्ध झाले.

तिचा दिवस कोंबडा आरवण्यापूर्वीच सुरू होई. घरातील इतर माणसे झोपेत असतानाच ती उठे आणि जात्यापाशी बसे. सुपातील ज्वारी किंवा बाजरी मुठीमुठीने जात्याच्या तोंडात घालायची आणि खुंटा धरून वरचा जड दगड गरगर फिरवायचा, हे काम तास-दोन तास चाले. सात-आठ माणसांच्या घराला रोज तीन-चार शेर पीठ सहज लागे. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना ती फुटू लागते. बाजरीचे पीठ तर लवकरच कडू होते. त्यामुळे आठवड्याचे दळण एकदम करून ठेवण्याची सोय नव्हती. सण असो, पाऊस असो वा अंगात कणकण असो, जाते रोज फिरलेच पाहिजे, असा नियम होता.

दळण आटोपले की पाणी. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी आणि कमरेवर घागर अशा खेपा घालून ती नदीवरून किंवा विहिरीवरून पाणी आणी. उन्हाळ्यात विहिरी आटल्या म्हणजे नदीच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीने घागर भरावी लागे. त्यानंतर गोठ्यातील शेण काढणे, अंगणात सडा घालणे, गोवऱ्या थापणे, चूल पेटवून भाकऱ्या भाजणे ही कामे. ओले सरपण आणि धुराने भरलेले स्वयंपाकघर यांत तिचे डोळे सदैव चुरचुरत. मग न्याहारी घेऊन शेतावर जायचे, दिवसभर खुरपणी, कापणी वा वेचणी करायची. तान्हे मूल असले तर लुगड्याची झोळी करून ती बाभळीच्या किंवा निंबाच्या फांदीला बांधायची. मूल रडले की तेवढ्यापुरते काम थांबे. दिवेलागणीला घरी परतल्यावर पुन्हा पाणी, पुन्हा चूल आणि पुन्हा भांडी. मध्येच भात किंवा डाळ कांडायची असली तर उखळ-मुसळ वाट पाहतच असे.

तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १९०१ च्या शिरगणतीप्रमाणे आपल्या देशात हजार स्त्रियांमागे दहादेखील साक्षर नव्हत्या. परंतु अक्षरशत्रू म्हणजे अडाणी, असे समजणे चुकीचे ठरेल. पुढच्या पेरणीचे बियाणे राखेत घोळून कसे जपावे, पहिल्या पावसानंतर रानातील कोणत्या भाज्या खाव्यात आणि कोणत्या टाळाव्यात, लेकराचे पोट दुखले तर ओवा किती द्यावा, दुष्काळाच्या वर्षी मूठभर धान्यात घर कसे तारून न्यावे, हे सारे ज्ञान तिच्यापाशी होते. ते तिने आईकडून घेतले होते आणि लेकीला दिले होते.

तिच्या मनातील सुखदुःख मात्र जात्याला ठाऊक असे. दळताना ती ओव्या म्हणे. माहेरची ओढ, भावाची वाट, पंढरीचा विठ्ठल, सीतेचा वनवास, लेकीला दिलेली सासुरवासाची शिकवण असे कितीतरी विषय त्या ओव्यांत येत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्राच्या शेकडो खेड्यांतील स्त्रियांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. एवढे मोठे वाङ्मय कागदाच्या आधारावाचून, केवळ आयांच्या व लेकींच्या मुखी जिवंत राहिले होते. खानदेशातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची गोष्टही अशीच आहे. १८८० मध्ये जन्मलेल्या या शेतकरी मातेला अक्षरओळख नव्हती. ऐन तिशीत तिला वैधव्य आले. तरी घरातील आणि शेतातील कामे करता करता तिने गाणी रचली. १९५१ साली ती वारली आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मुलाने व आप्तांनी लिहून ठेवली, म्हणून ती वाचली. ज्यांची गाणी कोणी लिहून ठेवली नाहीत, अशा माता किती असतील!

एवढे कष्ट करणाऱ्या या आईच्या ताटात काय पडे? घरातील पुरुष आधी जेवत, नंतर मुले, मग सासू आणि सर्वांत शेवटी ती. भाजी संपलेली असली तर भाकरी, मीठ आणि मिरचीचा ठेचा यांवर तिचे जेवण होई. दूधतूप असले तर ते मुलांसाठी वा विकण्यासाठी. असे वर्षानुवर्षे चालले म्हणजे शरीरातील रक्त कमी होते. रक्तातील जो तांबडा घटक शरीरभर प्राणवायू पोहोचवतो, तो तयार होण्यासाठी लोह लागते आणि लोह अन्नातूनच मिळते. ते पुरेसे मिळाले नाही की चेहरा पांढुरका पडतो, थोड्या श्रमाने दम लागतो आणि दुखणे सोसण्याची ताकद उरत नाही. वरवर पाहता ही आई काटक दिसे. आतून मात्र तिचे शरीर रिते झालेले असे.

दुसरे संकट होते ते बालविवाहाचे. आठव्या, दहाव्या किंवा बाराव्या वर्षी मुलीचे लग्न होई. आज ज्या वयात मुली शाळेच्या मैदानावर खेळतात, त्या वयात तिच्या डोक्यावर पदर येई. आणि पंधरा-सोळा वर्षांची होते न होते तोच ती आई होई. त्या वयात मुलीच्या कमरेची हाडे पुरती वाढलेली नसतात. त्यामुळे बाळाचा जन्म होण्यास अडथळा येई आणि आई व बाळ दोघांचेही प्राण धोक्यात पडत. पुढे दर दोन-तीन वर्षांनी पाळणा हले. एकेका आईला आठ-आठ, दहा-दहा मुले होत. पण पाच मुलांपैकी एखादे तरी वर्षाचे होण्याआधीच दगावे. आपल्या हातांनी आपली लेकरे मातीआड करण्याचा प्रसंग आला नाही, अशी माता विरळाच.

पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाई. तेवढेच तिला विसाव्याचे दिवस. सधन घरी बाळंतिणीला डिंकाचे व अळिवाचे लाडू मिळत, तेलाने अंग रगडले जाई, शेक मिळे आणि सव्वा महिना कामाला हात लावावा लागत नसे. या चालीत मोठे शहाणपण होते. पण मोलमजुरी करणाऱ्या घरातील बाई दहा-बारा दिवसांतच कंबर बांधून पुन्हा शेतात उतरे. तिला सव्वा महिन्याचा विसावा कोठून परवडणार?

बाळंतपण घरीच होई आणि ते गावची सुईण करी. सुईण ही बहुधा गोरगरीब घरातील वयस्क स्त्री असे. तिने शेकडो बाळंतपणे केलेली असत. अपरात्री हाक आली तरी ती धावून येई, घाबरलेल्या मुलीला धीर देई आणि मूठभर धान्य किंवा एखादे जुने लुगडे यांवर समाधान मानी. तिच्या हातांत कसब होते. परंतु डोळ्यांना न दिसणारे रोगजंतू अशा वेळी किती घात करतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. त्यात सोयरसुतकाची समजूत आड येई. बाळंतिणीचा दहा दिवस विटाळ मानत. तिच्या अंगाखाली जे घालावे ते नंतर टाकून द्यावे लागे. म्हणून घरातील जुन्यात जुन्या चिंध्या, फाटके गोणपाट आणि मोडकी बाज एवढेच तिच्या वाट्याला येई. खोली अंधारी, खिडकी बंद आणि कोपऱ्यात धुमसती शेगडी. बाळाची नाळ घरातल्याच विळ्याने किंवा कोयत्याने कापत आणि तीवर चुलीतील राख किंवा शेण लावत. जेथे सर्वांत अधिक स्वच्छता हवी, तेथेच सर्वांत अधिक अस्वच्छता असावी, हा केवढा विपर्यास!

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला थंडी वाजून ताप भरे. अंग तव्यासारखे तापे, ती बडबडू लागे आणि आठवड्याच्या आत दिवा विझावा तशी विझून जाई. यालाच सूतिकाज्वर म्हणतात. अस्वच्छ हातांतून आणि चिंध्यांतून शरीरात शिरलेल्या जंतूंमुळे तो येतो. काही स्त्रिया अतिरक्तस्रावाने जात. रक्त वाहू लागले आणि ते थांबवता आले नाही, तर दोन तासांतही प्राण जाऊ शकतो. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चाले. सरकारी दवाखाना पंचवीस किलोमीटर दूर असला तर तेथे पोहोचण्यास सहा ते आठ तास लागत. म्हणजे गाडी जुंपून गावाबाहेर पडेपर्यंतच वेळ निघून गेलेली असे.

या मृत्यूंचे प्रमाण किती होते? सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यस्थितीचा अहवाल सादर केला. त्यातील अंदाजाप्रमाणे दर हजार जन्मांमागे सुमारे वीस माता मरत होत्या. म्हणजे दर पन्नास बाळंतपणांत एक मृत्यू. हा आकडा लहान वाटेल; पण तो एका बाळंतपणाचा आहे. ज्या स्त्रीला आठ बाळंतपणांतून जावे लागे, तिला हे संकट आठ वेळा ओलांडावे लागे. हिशेब केला तर अशा सहा-सात स्त्रियांपैकी एक बाळंतपणातच मरे, असे दिसते. ज्या गावात तीनशे आया होत्या, त्या गावातील चाळीस-पन्नास आयांचा शेवट असा होण्याचा धोका होता. गरोदरपण म्हणजे स्त्रीचा पुनर्जन्म, असे जुन्या बायका म्हणत ते उगीच नव्हे.

आई गेली म्हणजे गावच्या बायका जमत. नवरा हयात असताना आलेले मरण म्हणून तिला हिरवे लुगडे नेसवत, कपाळभर कुंकू लावत आणि तिची ओटी भरत. भाग्याचे मरण आले, असे म्हणून एकमेकींचे डोळे पुसत. मात्र याच्या उलट एक क्रूर समजूतही होती. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ होते, असे मानून लोक तिच्या नावाने भीत. काल ज्या माउलीने घरादारासाठी हाडांची काडे केली, तिलाच आज भुताचे नाव! ती का मेली, हा प्रश्न विचारण्याऐवजी लोकांनी तिलाच दोष लावला. प्रश्न विचारला गेला नाही, म्हणून उत्तरही पुष्कळ काळ सापडले नाही. सरकारी दप्तरात अशा मृत्यूपुढे पुष्कळदा केवळ ताप एवढाच शब्द लिहिला जाई.

तिच्यामागे राहिलेल्या तान्ह्या बाळाला शेजारची एखादी लेकुरवाळी पाजी. दूध मिळाले नाही तर तेही काही दिवसांत आईच्या वाटेने जाई. घरात नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगी असे. दुसऱ्या दिवशी पहाटे जाते थांबून कसे चालेल? खुंट्यापर्यंत नीट हात न पोहोचणारी ती पोर जात्यापाशी बसे, आणि तिचे बालपण त्या दिवशी संपे.

ही स्थिती बदलण्याची किल्ली परदेशात फार पूर्वी सापडली होती. व्हिएन्ना शहरातील एका मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी अधिक होत्या. असे का व्हावे, याचा सेमेलवाइस यांनी ध्यास घेतला. डॉक्टर व विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींकडे येतात, हे त्यांच्या ध्यानी आले. १८४७ मध्ये त्यांनी सर्वांना चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४६ साली त्या विभागात शेकडा अकरा माता मरत होत्या. १८४८ साली ते प्रमाण शेकडा एक-दीडवर आले! तरी त्यांच्या समकालीन डॉक्टरांना आपलेच हात दोषी आहेत हे पटेना. १८६५ साली ते उपेक्षित अवस्थेतच वारले. पुढे लुई पाश्चर यांनी या ज्वराचे जंतू दाखवून दिले, तेव्हा जगाची खात्री पटली. स्वच्छ हात, उकळलेले पाणी, धुतलेले कापड या वस्तू काही राजवाड्यातच मिळतात असे नाही. त्या आपल्या खेड्यातील झोपडीतही मिळण्यासारख्या होत्या. उणीव होती ती ज्ञानाची.

हे ज्ञान आपल्या भगिनींपर्यंत पोहोचवावे, या तळमळीने एक महाराष्ट्रीय तरुणी सातासमुद्रापार गेली. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १८८६ साली त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. दुर्दैवाने स्वदेशी परतल्यावर १८८७ मध्ये, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच क्षयाने त्यांचे निधन झाले. पण त्यांनी दाखवलेली वाट बुजली नाही. त्यांच्यामागून रखमाबाईंसारख्या स्त्री-डॉक्टर पुढे आल्या आणि स्त्रियांची सेवा करू लागल्या.

नंतरचा बदल अनेक हातांनी घडला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले. १९७८ मध्ये ते अठरा झाले. १९५२ पासून खेड्यांच्या विकासाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. प्रशिक्षित परिचारिका आल्या, सुइणींना शिक्षण मिळाले, जंतुनाशक औषधे मिळू लागली. पिठाच्या गिरणीने पहाटेचे कष्ट वाचवले आणि नळाने पाण्याच्या खेपा कमी केल्या. गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्या व धनुर्वाताची लस मिळू लागली. नाळ कापताना होणाऱ्या धनुर्वाताने पूर्वी असंख्य अर्भके दगावत. त्या रोगाचे निर्मूलन भारताने २०१५ मध्ये साध्य केले. २००५ नंतर गावोगाव आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. गरोदर बाईला वेळेवर रुग्णालयात नेणे, हे त्यांचे एक महत्त्वाचे काम आहे.

या सर्वांचे फळ आकड्यांत स्पष्ट दिसते. १९४६ च्या अहवालातील प्रमाण लाखाच्या हिशेबाने मांडले तर एक लाख जन्मांमागे सुमारे २,००० माता मरत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ इतका खाली आला. तरी काम संपले, असे म्हणता येणार नाही. सातपुड्यातील वा गडचिरोलीतील दुर्गम पाड्यांतून पावसाळ्यात अडलेल्या बाईला झोळीत घालून कित्येक किलोमीटर चालत न्यावे लागल्याच्या घटना अलीकडच्या काळातही घडल्या आहेत. अजूनही पुष्कळ घरांत आई सर्वांच्या शेवटी जेवते आणि तिच्या रक्तात लोह उणे असते. काही मुलींची लग्ने अजूनही कायदा डावलून लहान वयात होतात.

जुन्या काळच्या त्या आईचे चित्र कोठे टांगलेले नाही, तिचे स्मारक कोणी उभारलेले नाही. घराच्या कोपऱ्यात उपयोगावाचून पडलेले जाते आणि म्हाताऱ्या बायकांच्या ओठांवर उरलेल्या ओव्या एवढीच तिची खूण. तिच्या सहनशीलतेची थोरवी गाणे सोपे आहे. पण तिला एवढे सहन करावे लागले ते तिच्या भोवतालच्या माणसांच्या अज्ञानामुळे आणि उपेक्षेमुळे, हे विसरता कामा नये. ज्या घरात आई वेळेवर आणि पोटभर जेवते, लेक आपली शाळा पुरी करते आणि गरोदर स्त्रीची काळजी सारे मिळून घेतात, त्या घराने त्या माउलीचे ऋण थोडेतरी फेडले, असे म्हणावे लागेल.